दोघांनी निघायचं तर : उतारवयातली पूर्णवेळ धर्मसेवा आणि तिची तयारी

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तीर्थयात्रेचा नाही, हे आधीच सांगतो. यात्रा पंधरा दिवसांची, महिन्याची असते. आपण जातो, दर्शन घेतो, घरी येऊन मावंदं घालतो आणि संसार पुन्हा सुरू होतो. आज बोलायचंय ते वेगळ्या निघण्याबद्दल. नोकरी संपली आहे, मुलं मार्गी लागली आहेत आणि नवरा-बायको दोघं मिळून ठरवतात, की पुढचं वर्ष-दीड वर्ष आपण आपल्या धर्मसंस्थेचं काम पूर्णवेळ करायचं. घर बंद करून, दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या देशात राहायला जाऊन, पगार न घेता. याची तयारी कशी करतात? तयारी म्हणजे नेमकं काय? एवढाच आजचा प्रश्न आहे.

मिशनरी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तरुण माणूस येतो, आणि ते बरोबरही आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा विशी-तिशीतले होते. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास सुरू होतो. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शिक्षणात त्यांनी आयुष्य घातलं. ही मंडळी येत ती जन्मभरासाठी. हॉल तर १८२६ मध्ये पटकीनं इथेच वारले. परत जाण्याचा हिशेब त्यात फारसा नव्हताच.

उतारवयातल्या जोडप्याचं गणित याच्या उलट असतं. त्यांना परत यायचंय. मागे घर आहे, नातवंडं आहेत, पेन्शन आहे, गुडघेदुखी आहे. तरुण माणसाला मागे सोडण्यासारखं थोडं असतं, म्हणून त्याची तयारी बरीचशी पुढच्या कामाची असते. वयस्कर जोडप्याची निम्मी तयारी मागे जे राहणार त्याची असते. हे सूत्र आज लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

एक चालती व्यवस्था

अशा जोडप्यांना रीतसर पाठवणारी व्यवस्था बघायची असेल तर अमेरिकेतल्या एका चर्चचं उदाहरण सोयीचं आहे. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे त्याचं नाव. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. लोक त्यांना मॉर्मन म्हणत आले, पण २०१८ पासून चर्चचे प्रमुख पूर्ण नाव वापरायचा आग्रह धरतात. भारतातही त्यांचं काम आहे. बंगळुरूचं मिशन १९९३ मध्ये सुरू झालं.

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि जोडीनं फिरणारी विशीतली मुलं, हे या चर्चचं ओळखीचं चित्र. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. त्यांचं वेळापत्रक कडक असतं आणि जोडीदार सोडून एकटं हिंडायची मुभा नसते.

त्याच व्यवस्थेत वयस्कर जोडपीही जातात, मात्र नियम बरेच सैल असतात. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांची निवडता येते. अठरा वर्षांखालचं मूल घरी अवलंबून असेल तर जाता येत नाही. तरुणांसारखी दारोदार फिरायची सक्ती नसते. घरच्यांशी हवं तेव्हा बोलता येतं. आणि जोडीदार कोण? नवऱ्याचा बायको, बायकोचा नवरा. तरुणांना अनोळखी जोडीदार नेमून दिला जातो. इथे चाळीस वर्षांचा जुना जोडीदार नव्यानं मिळतो. याकडे पुन्हा येऊ.

निघायची प्रक्रिया अशी असते. आधी स्थानिक बिशपशी बोलायचं. या चर्चमध्ये बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे. नोकरी-धंदा सांभाळून मंडळीचं काम बघणारा तो आपल्यातलाच एक गृहस्थ असतो. मग अर्ज. त्यात डॉक्टरांची तपासणी, दातांची तपासणी, चालू औषधं, पैशांची तजवीज, येणाऱ्या भाषा आणि आयुष्यभर केलेलं काम, हे सगळं भरायचं. बिशप आणि त्याच्या वरचा पदाधिकारी मुलाखत घेतात. कुठे आणि कसलं काम आवडेल हे जोडप्याला कळवता येतं, पण अंतिम नेमणूक मुख्यालयाकडून येते. नंतर युटातल्या प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस शिकवणी आणि मग रवानगी. नवी भाषा शिकणाऱ्या तरुणांना तिथे कित्येक आठवडे राहावं लागतं. जोडप्यांचं साधारण आठवड्याभरात आटपतं.

आता बघा, प्रशिक्षण आठवड्याचं आणि तयारी मात्र अनेकदा वर्ष-दोन वर्षांची. तो मधला वेळ कशात जातो?

चार अडसर

या चर्चचे एक वरिष्ठ नेते रॉबर्ट हेल्स यांनी एप्रिल २००१ च्या सर्वसाधारण परिषदेत याच विषयावर भाषण केलं होतं. जोडपी का निघत नाहीत, याची चार कारणं त्यांनी मांडली. भीती, कुटुंबाची काळजी, योग्य काम मिळेल का ही शंका आणि पैसा. इंग्रजीत चारही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात, म्हणून ती यादी त्या लोकांच्या तोंडी बसली. मला ती उपयोगी वाटते, कारण ती कुठल्याही धर्माच्या जोडप्याला लागू पडते. एकेक घेऊ.

पहिली भीती. ती बहुतेक वेळा देवाधर्माची नसते. 'मला ग्रंथातलं काही येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, नवी भाषा या वयात कशी शिकू,' अशी ती असते. तिच्यावरचा उपाय म्हणजे आपल्याला काय येतं याची यादी करणं. तीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला हिशेब येतो. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला पन्नास माणसांची व्यवस्था येते, आजाऱ्याजवळ बसणं येतं, रडणाऱ्या पोरीला बोलतं करणं येतं. यादी कागदावर उतरली की भीती निम्मी होते. उरलेली निम्मी तिथे गेल्यावरच जाते.

दुसरं कुटुंब. हे सगळ्यांत अवघड. नात जन्मणार असते. मुलाचं लग्न ठरायचं असतं. आणि हल्ली साठीतल्या माणसाचे आई-वडीलही हयात असतात, ही गोष्ट जुन्या काळी एवढी नव्हती. इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. आपली तिथे गरज आहे, की आपल्याला तिथे असावंसं वाटतं? नव्वदीची आई अंथरुणावर असेल तर ती गरज आहे. अशा वेळी घरी थांबणं हीच सेवा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. नातीचा पहिला वाढदिवस चुकणार असेल तर ते दुःख आहे, पण गरज नाही. दोन्हींना एकाच मापानं मोजलं की माणूस एकतर कधीच निघत नाही, नाहीतर निघू नये तेव्हा निघतो. या चर्चनं २०११ मध्ये नियम सैल केले तेव्हा घरातल्या महत्त्वाच्या प्रसंगाला स्वखर्चानं थोडे दिवस येऊन जायची सवलतही दिली. नातवंडांची ओढ नियमानं तुटत नाही, हे संस्थेलाही कळलं असावं.

तिसरं काम. जोडप्यांना मिळणारी कामं बघितली तर प्रवचनं करणं हा त्यातला लहान भाग आहे. मिशनचं कार्यालय सांभाळणं, तरुण मिशनऱ्यांसाठी भाड्याची घरं शोधणं, गाड्यांची देखभाल, हिशेब, नव्या मंडळ्यांना कारभार शिकवणं, दवाखान्याचा सल्ला, पाणी आणि व्हीलचेअरसारखे मदतीचे प्रकल्प, वंशावळींच्या नोंदी. म्हणून निघण्याआधी संस्थेला स्पष्ट विचारावं : रोजचं काम काय? वर कोण? आठवड्याला सुट्टी कोणती? जिना किती मजले? विचारण्यात संकोच नको. सेवेला निघालेला माणूस मोघम उत्तरावर निघाला, की तिथे पोचल्यावर त्याला आपण अडगळ वाटतो. अशी माणसं मग कुरकुरत परत येतात.

चौथं पैसा. या जोडप्यांना वेतन नाही. उलट खर्च त्यांचा त्यांनीच करायचा : घरभाडं, जेवण, प्रवास, औषधं. निवृत्त शिक्षकाला युरोपातल्या महागड्या शहरातलं भाडं कसं परवडणार? म्हणून सप्टेंबर २०११ पासून चर्चनं जोडप्याच्या घरभाड्याला महिना १४०० डॉलरची मर्यादा घातली. त्याच्या वरचा बोजा संस्था उचलू लागली. दुसरा मोठा मुद्दा आजारपणाचा. अमेरिकेत पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, ज्याला मेडिकेअर म्हणतात, तो देशाबाहेर सहसा चालत नाही. त्यामुळे परदेशी जाणाऱ्यांना वेगळा विमा लागतो. भक्ती कितीही असो, हा कागद आधी हातात पाहिजे.

'हो' कुणाचं?

चारही अडसर पार केले, तरी एक प्रश्न उरतोच. तो यादीत नाही, आणि माझ्या मते तोच मुळाशी आहे. जोडपं 'हो' म्हणालं, म्हणजे नेमकं कोण म्हणालं?

आपल्या धर्मशास्त्रात वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, की गृहस्थाला अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस दिसू लागले आणि नातवाचं तोंड दिसलं, की त्यानं वनाची वाट धरावी. पत्नीचं काय करायचं? दोन पर्याय दिलेत : तिला मुलांच्या हाती सोपवावं किंवा बरोबर न्यावं. तिला विचारावं, असा तिसरा पर्याय त्या ठिकाणी नाही. हा दोष त्या एका ग्रंथाचा म्हणून सोडून देता येणार नाही, आपल्या घराघरांत अजून तसंच चालतं. 'आम्ही ठरवलंय' असं तो सांगत असतो आणि ती चहा ठेवायला उठलेली असते.

मराठीत याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण टिळक दांपत्याचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पत्नीला मागे ठेवून. लक्ष्मीबाईंनी स्वतः तो स्वीकारायला आणखी पाच वर्षं घेतली, आणि घेतला तो स्वतःच्या विचारानं. पुढे १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला राहून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाची, वेतन नसलेली ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. मनानं ते संन्यासीच झाले होते.

कल्पना फार मोठी होती. पण संसाराच्या बाजूनं बघा. मे १९१९ मध्ये टिळक गेले. म्हणजे पगार सोडल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत होत्या, तब्बल सतरा वर्षं. या सतरा वर्षांची तयारी कुणी केली होती? त्यांनी स्वतःच ती निभावली. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'स्मृतिचित्रे' आपल्याला दिली. ते पुस्तक वाचताना जाणवत राहतं, की या घरात निघायचे निर्णय एकाचे होते आणि निभावणं दोघांचं. लक्ष्मीबाई खमक्या होत्या, विनोदी होत्या, म्हणून तरल्या. प्रत्येक घरात लक्ष्मीबाई असतातच असं नाही.

म्हणून तयारीतली पहिली पायरी अशी : दोघांना वेगवेगळं विचारलं गेलं पाहिजे. ज्या संस्था अर्ज दोघांकडून घेतात आणि मुलाखतही दोघांची घेतात, त्यांचं हे वागणं शहाणपणाचं आहे. पण खरं विचारणं घरात व्हायला हवं. एक साधी रीत सांगतो. दोघांनी आपापल्या खोलीत बसून तीन गोष्टी लिहाव्यात : मी कशासाठी जातोय, मला कशाची धास्ती आहे, आणि काय झालं तर मी परत येईन. मग कागद अदलाबदल करून वाचावेत. उत्तरं सारखी यायला हवीत असं नाही. पण एकाच्या कागदावर 'तुम्ही म्हणता म्हणून' एवढंच असेल, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

दुसरी गोष्ट सहवासाची. चाळीस वर्षं एक माणूस सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला येत होता. आता चोवीस तास एकाच खोलीत, एकाच कामावर दोघं. आपलं कोण ऐकतं, कोण कुणाला चारचौघांत दुरुस्त करतं, हे तिथे लख्ख दिसतं. म्हणून निघण्याआधी सहा महिने गावातच एखादं काम दोघांनी मिळून करून बघावं. देवळाच्या अन्नछत्रात, चर्चच्या वाचनालयात, रुग्णालयातल्या मदत केंद्रात, कुठेही. पोहायला शिकताना आधी विहिरीच्या कठड्याला धरूनच पाय हलवतात.

घराची निरवानिरव

आपल्याकडेही अशा कामाच्या जागा आहेत. एकनाथजी रानडे यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रात जीवनव्रतींच्या बरोबरीनं वानप्रस्थी कार्यकर्तेही असतात. निवृत्तीनंतर पूर्णवेळ देणाऱ्यांसाठीचा तो रस्ता. तुम्ही कुठल्याही संस्थेत जा, महाराष्ट्रातून निघताना काही कामं सारखीच असतात. ती पटापट सांगतो, लिहून घ्या.

इच्छापत्र दोघांचं वेगवेगळं करा. बँकेची खाती दोघांच्या नावे, दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन तपासा. मुलाला किंवा विश्वासू भाचीला मर्यादित कामांपुरतं मुखत्यारपत्र द्या, सरसकट सगळ्याचं नको. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या सोयीनं तो कुठूनही देता येतो. घर भाड्यानं देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे, आणि सोसायटीलाही कळवावं लागतं. घर विकून मात्र निघू नका. परत यायला जागा असली, की सेवा मोकळ्या मनानं होते. औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या, कारण दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात तोच ब्रँड मिळेल असं नाही.

आणि शेवटचं, जे कुणी बोलत नाही. तिथे असताना दोघांपैकी एक गेला तर? अंत्यविधी कुठे, मागे राहिलेल्यानं थांबायचं की परतायचं, परतल्यावर कुणाकडे राहायचं. मुलांना समोर बसवून हे बोलून ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे. लक्ष्मीबाईंची सतरा वर्षं आठवा, म्हणजे ते टाळावंसं वाटणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*तुम्ही व्यवस्थेबद्दल बोललात. पण मिशनरी कामाचा हेतू धर्मप्रसार असतो, त्याचं काय?*

असतोच, ते लपवायचं कारण नाही. जोडपं कार्यालयात हिशेब लिहीत असलं तरी ज्या संस्थेसाठी लिहितं तिला आपला धर्म पसरवायचा आहे. म्हणून जाणाऱ्यानं स्वतःला आधी विचारावं, की या हेतूशी मी सहमत आहे का. आणि जिथे जाल तिथल्या माणसाला मदत करताना त्या मदतीला अट लावू नये. भुकेल्याला भाकरी देताना बदल्यात त्याची श्रद्धा मागितली, तर तो सौदा झाला. हे सगळ्याच धर्मांच्या सेवकांना लागू आहे.

*एकाची तीव्र इच्छा आहे, दुसऱ्याची नाही. मग काय करायचं?*

थांबायचं. थांबणं म्हणजे सोडणं नव्हे. मघाशी सांगितलेल्या चर्चमध्येसुद्धा घरी राहून आठवड्यातले काही तास सेवा करायची सोय आहे. एकानं तसं सुरू करावं. दुसऱ्याला ओढून नेलं, तर तिथे गेल्यावर सेवा एकाची होते आणि शिक्षा दुसऱ्याला.

*परत आल्यावर रिकामं वाटतं म्हणतात. त्याची तयारी आधी करता येते का?*

थोडी येते. जाताना मुलांच्या घरातल्या किल्ल्या, सणांची जबाबदारी, पैशांचे व्यवहार तुम्ही त्यांच्या हाती दिलेले असतात. दीड वर्षात त्यांची घडी बसते. परत आल्यावर त्या किल्ल्या लगेच मागू नका. तुमच्याशिवाय घर नीट चाललं, याचं वाईट वाटेल. पण नीट विचार केला तर लक्षात येईल, की तुमची तयारी चांगली झाली होती याचीच ती खूण आहे.